आळणी रक्त

मित्रांनो, मी मूत्रपिंड. वयाने तसा जुना, पण सध्या राहतो त्या घरात नवा आहे. नाव ऐकून तुमच्यातल्या काहींनी नाक मुरडलं असेल. खुशाल मुरडा. हृदयाची चित्रं भिंतीवर लागतात, डोळ्यांवर गाणी होतात, आणि आमचा विषय निघाला की लोक इकडेतिकडे बघायला लागतात. जन्मभर हेच पाहिलं, त्यामुळे आता त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. जिच्या पाठीत मी इतकी वर्षं काढली ती बाई आता नाही, आणि मी आहे. ती कशी गेली हे लोकांनी बाहेरून पाहिलं. आत काय झालं ते मी सांगतो.

आम्ही दोघे जुळे. ती आईच्या पोटात असतानाच आम्ही घडलो. मी डावीकडे, भाऊ उजवीकडे. त्याच्या डोक्यावर यकृताने ऐसपैस जागा अडवलेली, म्हणून तो बिचारा माझ्यापेक्षा जरा खाली सरकलेला. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, माप मुठीएवढं. काम म्हणाल तर रक्त गाळायचं. दिवसभरात आम्ही दोघे मिळून मोठी पिंपं भरतील एवढं पाणी रक्तातून गाळून काढतो आणि त्यातलं जवळजवळ सगळं लगेच परत घेतो. बाहेर जातं ते बाटली-दीड बाटली. तुम्ही म्हणाल, परतच घ्यायचं तर काढायचं कशाला? अहो, घर आवरताना सगळं सामान एकदा बाहेर काढल्याशिवाय काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते कळतं का? तसंच आहे हे. आमचं घर रोज आणि दिवसभर आवरायचं असतं, एवढाच फरक.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. शरीरातलं पाणी गोडं नसतं, खारं असतं. विश्वास नसेल तर घामाचा थेंब जिभेला लावून बघा. हा खारटपणा किती असावा हे ठरलेलं आहे. तो वाढला की पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्या सुकतात. तो घटला की उलट होतं, पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. म्हणून मिठाचा विचार पाण्याला सोडून करता येत नाही आणि पाण्याचा मिठाला सोडून.

आमच्यावर हुकूम चालवणारे तिघे. मेंदूच्या तळाशी एक कचेरी आहे. रक्त खारट झालं की तिथून माणसाला तहान लागते आणि आम्हाला निरोप येतो, पाणी धरून ठेवा. दुसरी आहे माझ्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी. रक्त कमी पडतंय असं वाटलं की मीच बोंब मारतो. ती बोंब फिरत फिरत हिच्यापर्यंत पोचते, आणि ही वरून मलाच दटावते की मीठ सोडू नकोस. तिसरं हृदय. रक्त जास्त झालं, ते ताणलं गेलं, की त्याचा निरोप येतो, मीठ सोडा, पाणी सोडा. तिघांची मर्जी राखता राखता जीव मेटाकुटीला येतो, पण गाडं वर्षानुवर्षं नीट चालतं. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो. कचेरीचं काम रक्ताचा खारटपणा बघण्याचं असलं, तरी रक्तच कमी पडलं की ती खारटपणा बिरटपणा विसरते आणि एकच धोशा लावते, पाणी धरा, पाणी धरा. तेव्हा तिला समजावणारं कोणी नसतं.

आमची बाई एका धुलाई कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येत. तिचं काम रोलरवर. ओली चादर दोन कोपऱ्यांनी ताणून धरायची आणि तापलेल्या लोखंडी रोलरखाली सरळ सारायची. वाकडी गेली तर चुणी पडते, बोटं पुढे गेली तर बोटं जातात. पलीकडे चादर बाहेर आली की तिची घडी घालायला एक म्हातारी उभी असे. तिला सगळे मावशी म्हणत. आमच्या बाईला सगळे ताई म्हणत, तेव्हा मीही ताईच म्हणतो.

त्या कारखान्यात पूर्वी बायका कामावर पाणीच पीत नसत. संडास आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि रोलर तर थांबवायचा नाही. मग न प्यायलेलं बरं. वाफेने कोंदलेल्या त्या खोलीत घामाच्या धारा लागायच्या आणि आम्ही दोघे भाऊ थेंब थेंब राखत बसायचो. लघवी गडद पिवळी व्हायची, जळजळायची. भाऊ म्हणायचा, अशानं एक दिवस आपल्यात खडे होणार.

मग एका उन्हाळ्यात शेजारच्या रोलरवरची मुलगी भोवळ येऊन पडली आणि तिचा हात कोपरापर्यंत भाजला. तिथला मुकादम आवाजाने मोठा, पण मनाने वाईट नव्हता. तो इतका हादरला की दुसऱ्याच दिवशी त्याने खोलीत पाण्याचं पिंप आणि एक घंटा आणली. घंटा झाली की सगळ्यांनी पिंपापाशी यायचं, पेला भरून प्यायचा आणि त्याच्यासमोर उपडा करून दाखवायचा. जमिनीवर ठिपका पडला तर पुन्हा भरायचा. "माझ्या खोलीत परत कोणी पडणार नाही," तो म्हणायचा. "नाटकं नकोत. प्या." बायका हसायच्या, कुरकुरायच्या, पण प्यायच्या.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, आम्हाला स्वर्ग दोन बोटं उरला. कामावर पाणी मिळतंय म्हटल्यावर मी मुकादमाला मनातल्या मनात दुवा दिला. ताई तेव्हा घरी पोटभर जेवायची, घामातून गेलेलं मीठ ताटातून परत यायचं, आणि पाणी पिंपातून. एकाला एक जुळत होतं.

ताईच्या घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील जन्मभर भिंती रंगवत आले. शिडीवर चढून चढून गुडघे गेले आणि शेवटी हृदयही थकलं. थकलेल्या हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही. मग मूत्रपिंडांना वाटतं रक्तच कमी आहे, आणि ती मीठ आणि पाणी साठवत सुटतात. त्यांच्या पाठीतल्या आमच्या भाऊबंदांनी नेमकं तेच केलं. पाय सुजले, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, आणि त्यांचं काहीच चुकलं नाही.

पण रंगारीबुवांची जीभ ऐकेना. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"हे काय जेवण आहे? यापेक्षा भिंतीला लावतात तो चुना चवदार."

"चुना खाऊन बघितलात वाटतं कधी?"

"चाळीस वर्षं नाकातोंडात गेलाय. मला विचार."

ती हसली. पण त्यांनी मिठाच्या डब्यात बोट घातलेलं तिने दुसऱ्या दिवशी पाहिलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना धाप लागून बसूनच झोपावं लागलं. तेव्हा ताईने मिठाचा डबा उचलला आणि शेजारच्या बिऱ्हाडात देऊन टाकला.

"आता घरात मीठच नाही," ती म्हणाली. "तुम्ही खाल तेच मी खाणार. माझ्या ताटात वेगळं काही दिसलं तर तुम्हीही खा."

"अगं, तू कशाला? तुला काय धाड भरलीय?"

"मी खाल्लं की तुमच्याने राहवणार नाही. मला ठाऊक आहे तुमचं."

त्या दिवसापासून म्हातारा मुकाट्याने आळणी जेवला, कारण समोर लेक तेच जेवत होती. त्याचे पाय उतरले. जिना चढून यायला लागला. ताईला केवढा आनंद झाला. ती त्याच्या पायावर अंगठा दाबून बघायची आणि खड्डा पडला नाही की हसायची. मलाही बरं वाटायचं. पण मला आणि भावाला आतून लागलेली कुणकुण तिला कशी कळणार? वडील दिवसभर सावलीत बसून असत. ती वाफेत उभी असे. त्यांच्या अंगातून मीठ निघत नव्हतं म्हणून ते तोडायचं होतं. तिच्या अंगातून मिठाच्या धारा वाहत होत्या.

पावसाळ्याआधीची शेवटची तलखी सुरू झाली आणि हॉटेलांचा हंगामही आला. रोलर जास्त वेळ चालू लागला. ताईच्या झंपरवर पाठीमागे पांढरे पट्टे उमटायचे. ते मीठ होतं, मित्रांनो. दुपारी तिच्या जिभेला भलतीच ओढ लागायची. ती वरच्या ओठावरचा घाम चाटायची. परतीच्या वाटेवर एकजण खारे दाणे विकायचा. एकदा ती त्याच्यासमोर थांबली, कागदाच्या पुडीकडे बघत राहिली आणि पुढे निघाली. वडिलांना शब्द दिला होता ना. मी त्या वेळी आत आक्रोश करत होतो, घे, बाई, एक पुडी घे. पण आमची बोंब जिभेपर्यंत पोचते ती नुसती ओढ म्हणून, आणि ओढ मारून जगण्यात ताईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आणि त्यातच मावशीचं प्रकरण निघालं. मावशीला वयामुळे लघवी धरवत नसे. दर घंटेला पेला प्यायचा म्हणजे दर वेळी आवाराच्या टोकापर्यंत पळायचं, आणि तेवढ्यात घडीच्या टेबलावर चादरींचा ढीग साचायचा. एका दिवशी तिला वाटेतच झालं. म्हातारी लाजेने अर्धमेली झाली.

"उद्यापासून येत नाही मी," ती पदराने तोंड झाकून म्हणाली.

"येत नाही कशी? घंटा झाली की माझ्या मागे उभी राहा," ताई म्हणाली. "तुझा पेला मला दे. तुझ्या हातात माझा रिकामा."

तेव्हापासून घंटेला ताई दोन पेले प्यायची. एक स्वतःचा, एक मावशीचा. मुकादमाला दोन्ही पेले उपडे दिसायचे, आणि तो खूश.

आता आत काय चाललं होतं ते ऐका. घामातून मीठ गेलं, ताटातून आलं नाही. मिठाबरोबर रक्तातलं पाणीही गेलं आणि रक्त आटलं. मी बोंब मारली. डोक्यावरच्या टोपीने सांगितलं, मीठ धर. आम्ही कण न् कण धरला. लघवीत शोधून मीठ सापडलं नसतं. पण घाम आमच्या हातात नव्हता. वरच्या कचेरीने रक्त आटलेलं पाहिलं आणि धोशा लावला, पाणी धरा. बाहेरून पेल्यावर पेला येतोय, सगळं गोडं पाणी, आणि आम्हाला हुकूम की थेंब सोडायचा नाही. भाऊ म्हणाला, "अरे, हे पाणी फेकलं पाहिजे." मी म्हणालो, "फेकायचा निरोप आणून दाखव." हुकमाचे ताबेदार आम्ही. शिवाय पाणी फेकायलाही त्याच्याबरोबर थोडं मीठ लागतं, आणि ते होतं कुठे? रक्त आळणी होत चाललं. पाणी पेशींमध्ये शिरू लागलं.

बोटं सुजली तरी बोटाला जागा असते. पोट फुगलं तरी पोटाला जागा असते. मेंदू मात्र कवटीत बंद आहे. त्याला फुगायला जागाच नाही.

ताईचं डोकं दुखू लागलं. बोटातली अंगठी निघेना. जेवणावरची वासना उडाली, मळमळायला लागलं. एका संध्याकाळी तिने वडिलांना एकाच गोष्टीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं, गोळी घेतलीत का, गोळी घेतलीत का.

"घेतली, असं आत्ताच सांगितलं ना तुला," वडील म्हणाले. "बरं नाहीये का? उद्या जाऊ नकोस."

"उन्हाचं आहे. पाणी कमी पडतंय."

आणि तिने घरीही तांब्या तोंडाला लावला. मित्रांनो, त्या क्षणी मला पाण्याचा पहिल्यांदा राग आला. ज्याच्यासाठी मी जन्मभर झुरलो, त्याचा.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेलीच. दुपारी चादर वाकडी गेली. तिच्या हातून चादर कधी वाकडी जात नसे. मग तिला ओकारी झाली. मुकादम धावत आला, त्याने स्वतः रोलर बंद केला. तिला पंख्याखाली निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

"ऊन लागलंय. पाणी पाजा तिला," तो म्हणाला. "जबरदस्तीने पाजा."

मावशीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठांना लावला. ताई काहीतरी बरळली. शहाण्या मुलीसारखी प्यायली. पुन्हा प्यायली. मग तिचे डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तीव्र मिठाचं सलाईन लावलं. ते मीठ माझ्यापर्यंत पोचलं. केवढी वाट पाहिली होती मी त्याची. मी ते दोन्ही हातांनी धरावं तसं धरलं. पण तोवर मेंदू कवटीत चेपला गेला होता. वरच्या कचेरीतून निरोप येणं थांबलं. सगळ्यांत भयंकर काय सांगू? एवढी वर्षं जिच्या हुकमांना कंटाळलो होतो, ती कचेरी गप्प झाली आणि आम्ही दोघे भाऊ पोरके झालो.

श्वास यंत्र देत होतं. कान ताईचे होते, ते आता काही ऐकत नव्हते, पण हाडांतून आवाज आमच्यापर्यंत यायचे. मुकादम कॉटच्या पायाशी उभा होता.

"मी पाणीच दिलं हो," तो म्हणत होता. "दुसरं काही नाही. पाणीच दिलं."

"माझं पाणी ती प्यायची," मावशी म्हणाली.

वडिलांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "तिच्या रक्तात काय कमी पडलं म्हणालात?"

"मीठ," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "कुणी वाईट हेतूने काही केलेलं नाही, काका. घाम फार गेला, वरून नुसतं पाणी गेलं."

"घरात मीठ नाहीये आमच्या," म्हातारा म्हणाला. "माझ्यासाठी." त्याने तिचा हात हातात घेतला आणि तिच्या सुजलेल्या बोटांवर अंगठा फिरवत राहिला. त्याचे पाय मात्र ठणठणीत होते.

तिचा मेंदू आता परत जागा होणार नाही हे नक्की झाल्यावर डॉक्टरांनी त्याला तिच्या अवयवांच्या दानाबद्दल विचारलं. त्याला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "तिचे चांगले आहेत का?"

"मूत्रपिंडं उत्तम आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी उत्तम."

मित्रांनो, आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं थोडक्यात सांगतो. बर्फाची पेटी, काळोख, आणि भावाची ताटातूट. तो कुठे गेला ते मला माहीत नाही. मी एका शिंप्याच्या पोटात आलो. पाठीत नव्हे, पुढे, पोटाच्या खालच्या कोपऱ्यात, कारण नव्याला इथेच जागा देतात. त्याची स्वतःची मूत्रपिंडं मागे सुकून बसली आहेत, बोलत नाहीत. हा माणूस कित्येक वर्षं घोट मोजून पाणी प्यायचा, ओठ कोरडे पडले तर बर्फाचा खडा चोखायचा. माझ्यानंतर डॉक्टरांनी त्याला पाणी प्या म्हणून सांगितलं, तर तो पेला हातात धरून घाबरून बसला. "पिऊ ना नक्की?" त्याने बायकोला विचारलं. तो प्यायला, आणि नळीतून लघवी आली तेव्हा त्याची बायको ती पिशवी बघून रडली. मी काम करतो. काम अंगवळणी पडलंय. इथल्या रक्तातले पहारेकरी, म्हणजे जंतूंना हुसकावणाऱ्या पेशी, मला परका समजतात, औषधाच्या गोळ्यांच्या धाकाने गप्प आहेत. गोळ्या चुकल्या तर माझंही भरलंच.

मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कुणाला पथ्य असेल तर ते त्याचं पथ्य आहे. मायेपोटीसुद्धा ते डॉक्टरांना न विचारता आपल्या अंगावर घेऊ नका. तहान लागली की प्या, लघवी दाबून ठेवू नका, पण कुणाच्या हुकमाने पाणी ढोसू नका. दिवसभर घाम गाळणाऱ्याचं नुसत्या पाण्यावर भागत नाही, त्याला मीठही लागतं. आणि भरपूर पाणी पिऊनही कुणाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, बोलणं बरळल्यासारखं झालंय असं दिसलं, तर पेला बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. ताईच्या आसपास वाईट माणूस एकही नव्हता. सगळ्यांना तिची काळजी होती, आणि तिला सगळ्यांची.

शिंप्याची बायको रोज ताट वाढते आणि समोर बसते. डॉक्टरांनी बेताचं मीठ सांगितलंय, ती बेतानेच घालते. तो पहिला घास घेतो आणि ती विचारते, "मीठ बरोबर आहे का?" तो कधी मान हलवतो, कधी म्हणतो, जरा कमी आहे. अगदी साधा प्रश्न आहे. ताईच्या घरात तो विचारायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. तिला तो कुणी एकदा विचारला असता, तर आज मी तिच्याच पाठीत असतो.